विरारवर बॉम्ब कोण टाकणार?

मागच्या वर्षी मे महिन्यात सीमेवर विमानं घिरट्या घालायला लागली, तेव्हा आमच्या घरात पहिला प्रश्न निघाला तो देशाचा नव्हता, लेकीच्या बाळंतपणाचा होता. हे असं लिहायला मला खरं तर लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. लेकीला सातवा संपत आला होता. नाशिकला सासरी डोहाळजेवण थाटात झालं होतं आणि पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून त्या रविवारी ती आमच्याकडे विरारला यायची होती. मी डिंक, खारीक, अळीव डब्यात भरून ठेवले होते. बाळाचं आधी काही शिवू नये म्हणतात, म्हणून जुन्या सुती साड्या नुसत्या धुऊन, घड्या घालून ठेवल्या होत्या. आणि बुधवारी सकाळी विहीणबाईंचा फोन आला.

"बातम्या बघताय ना?" त्या म्हणाल्या. "किनाऱ्यावरच्या गावांना सावध राहायला सांगतायत. मी मुद्दाम नकाशात बघितलं. तुमचं विरार अगदीच समुद्राला लागून आहे हो. रविवारचं जरा बघू या."

मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि पालकांच्या सभा घेतल्या. "बघू या" म्हणजे "नाही" हे मला कोणी सांगायला नको. एकुलती एक लेक, तिचं पहिलं मूल, आणि ते दुसऱ्याच्या घरी होणार, मी इथे डिंकाच्या डब्याकडे बघत बसणार.

ह्यांनी पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही. म्हणाले, "विरारवर बॉम्ब कोण टाकणार?"

हे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत, पण युद्धाच्या बाबतीत त्यांचा दावा जुना आहे. एकाहत्तरच्या लढाईत हे दादरच्या चाळीत राहायचे, वय शाळकरी. माझे सासरे चाळीचे वॉर्डन होते, संध्याकाळी गॅलरीतून "लाइट बंद!" असं ओरडत फिरायचे. खिडक्यांच्या काचांना तपकिरी कागद लावायची टूम होती, आणि त्या कागदाची खळ शिजवायचं काम ह्यांच्याकडे होतं. त्या खळीच्या जोरावर हे आजतागायत स्वतःला लष्करी जाणकार समजतात.

"नुसतं पेपर वाचून म्हणू नका," मी म्हटलं. "विहीणबाईंना पटेल असं काहीतरी सांगा. रविवार तोंडावर आलाय."

झालं. ह्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर पुसली. त्यांची पद्धत खात्यातलीच होती. फोन बंद पडले की कुठल्या कुठल्या घरातले बंद पडलेत ते बघायचं आणि त्यावरून केबल कुठे तुटलीय ते शोधायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलं. आता तेच उलट्या बाजूने करायचं होतं. आपण शत्रू असतो, तर एका जागी घाव घालून जास्तीत जास्त माणसांचे हाल कुठे केले असते? तशी जागा आपल्या घरापासून किती लांब आहे? बस्स, एवढं कळलं की विषय मिटला. मी मागे बसले, कारण ह्यांना एकट्याला सोडलं तर हे शत्रूचं काम शत्रूपेक्षा मन लावून करतील अशी मला भीती होती.

आधी नायगावला गेलो. खाडीच्या काठी उभं राहून ह्यांनी डोळ्यांवर हात धरून रेल्वेच्या पुलाकडे बघायला सुरुवात केली. "हा तुटला की सगळे अलीकडचे अलीकडे," असं पुटपुटत हाताने हवेत रेघा मारत होते. देशात युद्धाचं वातावरण, आणि एक म्हातारा पुलाकडे बघून हातवारे करतोय. तिथल्या नव्या टॉवरचा सिक्युरिटीवाला संशयाने आमच्याकडे आलाच. "क्या देख रहे हो अंकल?" माझ्या तोंडून निघून गेलं, "फ्लॅट." त्याचा चेहरा एकदम उजळला आणि पुढचा अर्धा तास आम्ही सॅम्पल फ्लॅटमधलं मॉड्युलर किचन बघत होतो. ह्यांनी तिथल्या सेल्सवाल्या मुलीला सगळं ऐकून घेतल्यावर विचारलं, "तळघर आहे का?" ती म्हणाली, "नाही सर, पण क्लबहाउस आहे."

परत येताना ह्यांनी स्कूटर गासकडे वळवली. मोकळी शेतं वरून कशी दिसतात ते पाहायचं होतं म्हणे. शेतं खालून बघून वरून कशी दिसतात ते कसं कळणार, हे मी विचारलं नाही. लग्नाला चाळीस वर्षं होत आली की काही प्रश्न माणूस सोडून देतो. गावच्या रस्त्याला एक मावशी ताडगोळे विकत बसल्या होत्या, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. हे मान मागे टाकून आभाळ बघत होते, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "काय हरवला काय त्यांचा?"

मी खरं काय ते सांगितलं. लेक येणार आहे, विहीण घाबरलीय, आणि हे वरून काय दिसतं त्याचा अंदाज घेतायत.

मावशींनी एकदा आभाळाकडे, एकदा ह्यांच्याकडे पाहिलं. "वरना काय दिसनार? केलीच्या बागा आन पानी," त्या म्हणाल्या आणि ताडगोळ्यांच्या पुड्यात आणखी दोन टाकले. "ह्ये पोरीला. पोटाला थंड."

पोरगी यायचीच आहे असं धरून चालणारं त्या दिवसात भेटलेलं ते पहिलं माणूस. ताडगोळे मी फ्रीजमध्ये अगदी मागे ठेवले, ह्यांच्या हाताला लागणार नाहीत असे.

दुपारी ह्यांनी नाशिकला फोन लावला. मी आधीच बजावलं होतं, "विरारबद्दल बोला. नाशिकबद्दल एक अक्षर काढू नका." सुरुवात झकास झाली. विरारला विमानतळ नाही, बंदर नाही, कारखाना म्हणावा असा नाही, पूल आहे तो तीन स्टेशनं पलीकडे. बॉम्ब काही फुकट येत नाही, तो वाया घालवायला इथे कोणी येणार नाही. विहीणबाई "हो का," "असं का" म्हणत होत्या. आणि हे खुशीत येऊन म्हणाले, "उलट नाशिकलाच लष्कराची छावणी आहे, विमानांचा कारखाना आहे, नोटांचा छापखाना आहे. मी शत्रू असतो तर आधी तुमच्याकडेच आलो असतो."

मी कपाळावर हात मारला. मग विहीणबाई म्हणाल्या, "नाशिक महत्त्वाचं आहेच हो आमचं." आवाजात राग होता का अभिमान, मला आजही सांगता येणार नाही. पण पुढे त्या म्हणाल्या, "बरं, तुम्ही एवढं बघून आलाय तर रविवारी आणून सोडते." त्या संध्याकाळी मी गोडाचा शिरा केला.

आता खरं म्हणजे इथेच थांबायला हवं होतं. पण आमची सोसायटी आहे मनवेलपाड्यातली, आणि तिला स्वस्थ बसवत नाही. चार मजले, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्यावर. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून मेसेजचा पाऊस पडत होता. सेक्रेटरी तसा तरुण मुलगा, अंधेरीला नोकरी करतो, पण युद्ध म्हटल्यावर त्याच्या अंगात आलं होतं. आपण आपला स्वतःचा ब्लॅकआउट करू या असं त्याने ठरवलं आणि ह्यांना गच्चीवर बोलावलं, "काका, तुम्हाला एकाहत्तरचा अनुभव आहे. लोकांना जरा धोका समजावून सांगा."

ह्यांनी प्रामाणिकपणे समजावलं, की धोका नाही. विरारवर कोणी बॉम्ब टाकणार नाही.

लोकांना सुटल्यासारखं वाटेल असं मला वाटलं होतं. कसलं काय! सगळ्यांचे चेहरे पडले. दुसऱ्या मजल्यावरचे काका लालबागचं घर विकून इथे आलेत. ते तर चिडलेच. "म्हणजे आपण काय फालतू आहोत का? एवढं मोठं स्टेशन आहे आपलं. कारशेड आहे." कोणी म्हणालं डोंगरावर देवी आहे. कोणी म्हणालं हायवे विसरू नका. एका बाईंनी तर नव्या मॉलचं नाव घेतलं. आपल्या गावाला बॉम्बच्या लायकीचं ठरवण्यासाठी माणसं इतकी हातघाईवर आलेली मी पहिल्यांदाच बघत होते. ह्यांनी एकेक दावा शांतपणे खोडून काढला आणि सगळी बिल्डिंग नाराज होऊन खाली गेली.

ब्लॅकआउट ठरल्याप्रमाणे झाला. म्हणजे व्हायचा होता. भोंगा नव्हता, म्हणून वॉचमनने शिट्टी मारायची आणि सगळ्यांनी दिवे घालवायचे असं ठरलं होतं. पण शिट्टी म्हणजे काय हे मनवेलपाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पाणी आलं की वॉचमन शिट्टी मारतो. ह्यांच्या सभेला आलेल्यांच्या चौपट माणसं घरी होती. शिट्टी वाजली मात्र, पटापट दिवे लागले, नेहमी बंद असणारे मोऱ्यांतले दिवेसुद्धा लागले. मोटर सुरू झाली, पिंपांची झाकणं वाजली, कोणी वरून ओरडलं, "अगं, आधी पिण्याचं भर!" गच्चीवर मी, हे आणि सेक्रेटरी उभे होतो. अख्ख्या लेनमध्ये त्या वेळी आमच्यापेक्षा जास्त झगमगणारी बिल्डिंग नव्हती. मी इतकी हसले की मला खाली बसावं लागलं.

हे हसले नाहीत. टॉर्च घेऊन ते पार खालपर्यंत जाऊन आले, मी मागोमाग. जिन्याने परत वर येताना त्यांची पावलं फार हळू पडत होती. पहिल्या मजल्यावर दोन सायकली आणि चपलांचं कपाट. दुसऱ्यावर गुंडाळलेल्या गाद्या, कुंड्या, आणि एक मोडका कूलर जो मी इथे राहायला आल्यापासून तिथे आहे. आम्ही रोज अंग चोरून जातो, आता काही वाटत नाही. पण ह्यांनी टॉर्च त्या कूलरवर धरला आणि भिंत आणि कूलर यांच्यात आपलं पोट आत घेऊन उभे राहिले. नंतर पोट सोडलं. जागा पुरेना.

"लेकीला कसं जमणार?" ते म्हणाले.

शुक्रवारी सेक्रेटरीने पुन्हा गच्चीवर बोलावलं. "काका, आज जरा भीती वाटेल असं बोला. नाहीतर कोणी सीरियसली घेत नाही." हे एरवी खोटं बोलत नाहीत, म्हणजे जमत नाही त्यांना. पण त्या दिवशी जे बोलले ते मी विसरणार नाही.

"उद्या विरारवर बॉम्ब पडला तर," ते म्हणाले. "पडणारच नाही, असं छातीवर हात ठेवून कोणी सांगू शकतं का? वीज गेली. अंधार. तुमच्या म्हाताऱ्या आईला, एखाद्या पोटुशी बाईला या जिन्याने खाली न्यायचंय. माणूस बॉम्बने मरायचा नाही, तुमच्या कूलरवर आपटून मरेल!"

मग लालबागचे काका समाधानाने म्हणाले, "हे मी कालपासून सांगत होतो."

त्या एका संध्याकाळी आमचा जिना रिकामा झाला. सगळ्या कमिट्यांना इतक्या वर्षांत जे जमलं नव्हतं ते झालं. भंगारवाल्याची हातगाडी भरून वाहिली. कूलर खाली जाताना दोन बायका टाळ्या वाजवत होत्या. रात्री शिट्टीऐवजी थेट ग्रुपवर मेसेज टाकला आणि सगळी बिल्डिंग काळोखी झाली. हे घरातली एक खुर्ची घेऊन गेले, दुसऱ्या मजल्यावर कूलरच्या जागी ठेवली, तिच्यावर उशी बांधली. चढताना लेकीला दम लागला तर टेकायला. म्हणजे बॉम्ब, शत्रू, वीज, सगळं त्या खुर्चीसाठी चाललं होतं. माणूस मला पुन्हा एकदा आवडला, या वयात.

मात्र कोणीतरी त्या भाषणाचा व्हिडिओ काढला होता. ग्रुपवरून तो कोणाच्या भाच्याकडे गेला, भाच्याकडून आणखी कुठे, आणि शनिवारी सकाळी विहीणबाईंच्या भिशीच्या ग्रुपवर आला. वर लिहिलं होतं, "निवृत्त अधिकाऱ्याचा इशारा, जरूर ऐका." त्यांनी ऐकला. बोलणारे त्यांचेच व्याही होते.

फोन ह्यांच्याच मोबाइलवर आला. स्पीकर चालूच होता, कारण ह्यांना तो बंद करता येत नाही.

"व्याही," विहीणबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. "परवा मला सांगितलंत, विरारला काही धोका नाही. काल लोकांना सांगितलंत, बॉम्ब पडेल. यातलं खरं कुठलं? माझी सून आहे, तुमची मुलगी आहे. मला खरं सांगा."

जिन्याची गोष्ट सांगा, मी खुणेने सांगत होते. कूलर म्हणा. एक वाक्य, की सगळं मिटलं असतं. पूल, केबल, केळी, पाणी, सगळं ह्यांच्या डोक्यातून जात असावं. मग म्हणाले, "खरं सांगू? मला माहीत नाही. मी अंदाज केला. पडेल असं वाटत नाही. पण तिच्याबाबतीत 'वाटत नाही' एवढ्यावर मी कसा राहू? तुमच्याकडेच राहू द्या तिला."

मी तिथून उठले. इतका राग मला लग्न झाल्यापासून आला नव्हता. लोकांना घाबरवायला जीभ वळली, आणि आपल्या घरचं सांभाळायची वेळ आली तेव्हा खरेपणा आठवला! स्वयंपाकघरात जाऊन मी डिंकाचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर टाकला, तो आपटला. दुपारी ह्यांचं ताट वाढून मी आत निघून गेले. संध्याकाळी लढाई थांबल्याची बातमी आली, मग पुन्हा काहीतरी सुरू झाल्याची आली. कोणाचं खरं धरायचं कळेना. नाशिकहून काही निरोप नव्हता. मी दार उघडून बाहेर आले, तर हे जिन्याने वर येत होते. हातात ती खुर्ची होती, उशी बांधलेली तशीच. मधल्या पायरीवर दम खायला थांबले होते. मी जाऊन खुर्चीचा दुसरा पाय धरला. तेव्हा मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

रविवारी दुपारी बारा वाजता खाली हॉर्न वाजला. मी गॅलरीतून वाकून पाहिलं. गाडीतून आधी विहीणबाई उतरल्या, मग त्यांचा हात धरून माझी लेक, हे एवढं पोट घेऊन. आणि मागून डिकीतून दोन बॅगा निघाल्या. दुसरी बॅग विहीणबाईंची होती.

हे धडपडत खुर्ची घेऊन पुन्हा खाली पळाले. लेक दुसऱ्या मजल्यावर तिच्यावर बसली, इकडेतिकडे बघून म्हणाली, "बाबा, आपला जिना एवढा रुंद होता?"

वर आल्यावर पाणी पिऊन विहीणबाईंनी पदराने घाम टिपला. म्हणाल्या, "गेले चार दिवस टीव्हीवर, फोनवर जो तो छातीठोक सांगतोय. असं होणार, तसं होणार. माहीत नाही म्हणणारे तुम्ही एकटे भेटलात. रात्रभर विचार केला. म्हटलं, सून ठेवायची तर अशाच माणसाकडे ठेवावी." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पण मीही आठ दिवस राहणार. काही पडायचंच असेल तर सगळ्यांवर मिळून पडू दे."

सुनेच्या माहेरी विहीण बॅग घेऊन राहायला आलेली आमच्या दोन्ही घराण्यांत कोणी ऐकली नसेल. मी फ्रीजमधून ताडगोळे काढले. थोडे सुकले होते, तरी दोघींनी आवडीने खाल्ले.

पावसाळ्यात आम्हाला नात झाली. काळीसावळी, भुवया ह्यांच्या. सव्वा महिना झाला तेव्हा विहीणबाई तिला आणि लेकीला न्यायला आल्या. गणपती तोंडावर आले होते. संध्याकाळी आम्ही चौघं खोलीत होतो, हे पाळण्याची दोरी धरून बसले होते, आणि खाली लेनमध्ये कुठल्याशा मंडळाची मूर्ती वाजतगाजत निघाली. कोणीतरी आमच्या गेटपाशी फटाक्यांची पेटी पेटवली. पहिला आवाज असा झाला की खिडकीच्या काचा थरथरल्या.

मी दचकून उठेपर्यंत हे पाळण्यावर होते. दोन्ही कोपरं काठांवर टेकून, पाठीची कमान करून, डोकं आत घालून, सगळं अंग पसरून. खाली ढोल वाजत होते, "मोरया" चाललं होतं. फटाके आहेत हे आम्हा सगळ्यांना कळलं होतं, त्यांनाही कळलं असणार. पण पेटी संपेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. नात त्यांच्या पोटाखाली शांत झोपलेली होती.

मग ते सरळ झाले, चष्मा शोधायला लागले. विहीणबाईंनी तो खालून उचलून हातात दिला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, तरी चिडवायची संधी सोडली नाही.

"काय हो व्याही? तुम्हीच म्हणाला होतात ना, विरारमध्ये बॉम्ब टाकण्यासारखं काहीच नाही म्हणून?"

"तेव्हा नव्हतं," हे म्हणाले, आणि दोरी पुन्हा हातात घेतली.